बरणीतलं मीठ

मिरज स्टेशनबाहेर वडापवाला ओरडत असतो, "वालनेसवाडी, विश्रामबाग, सांगली! दोन शीट, दोन शीट!" वालनेस म्हणजे कोण, असं एकदा मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "गावाचं नावच हाय की बाई ते. असंल कोण पाटीलबिटील." मी हसले खरी, पण त्याचं फारसं चुकलं नव्हतं. विल्यम वॉनलेस नावाचा कॅनडात जन्मलेला डॉक्टर १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे या भागात आला. १८९४ मध्ये त्याने मिरजेत इस्पितळ उभं केलं, पुढे सांगली-मिरज रस्त्यावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघालं, आणि त्याच्या नावातले न आणि ल आम्ही आमच्या जिभेच्या सोयीने इकडचे तिकडे करून टाकले. इंग्रज सरकारने त्याला १९२८ मध्ये 'सर' केलं. मिरजकरांनी त्याला पाटील केलं.

इस्पितळाची जागा मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी दिली. इमारतीचा पैसा फिलाडेल्फियात रेल्वेची इंजिनं बनवणाऱ्या एका कारखानदाराने दिला. म्हणजे गणपतीच्या उपासकांची जमीन, परदेशी इंजिनवाल्याचा पैसा, मिशनचा डॉक्टर, आणि बाकावर रांगेत बसलेले जत, अथणी, चिकोडी, कोकणातले पेशंट. आज मिरजेत पावलागणिक दवाखाना आहे आणि गावाला 'वैद्यकीय पंढरी' म्हणतात. ही पंढरी वसली एका ख्रिस्ती मिशनच्या ओसरीवर, यातली गंमत आता कुणाच्या लक्षातही येत नाही. माझी आई त्या मिशन हॉस्पिटलात नर्स होती. तेव्हा या विषयात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

गेली काही वर्षं ख्रिस्ती म्हणून मला तीन प्रकारचे सल्ले मिळतात. पुरोगामी मित्र म्हणतात, तुम्ही लोक सेवा छान करता, ती करा, धर्म तेवढा घरात ठेवा. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, सेवा हे नुसतं आमिष आहे, आतला डाव वेगळाच. आणि आमच्याच मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, वडीलधारे उपासना सुटल्यावर चपला घालता घालता म्हणतात, "आपण थोडे लोक. कशाला त्या राजकारणात पडायचं? सलाम करावा, घरी जावं." या तिघांचं एकमेकांशी पटायचं नाही, पण ख्रिस्ती माणसाने आपला विश्वास घेऊन चावडीवर येऊ नये, यावर तिघांचं एकमत आहे. माझं म्हणणं उलट आहे. यावं. फक्त आपला वाटा मागायला येऊ नये, आणि समोरच्याला 'नको' म्हणायची मुभा ठेवून यावं. या दोन अटी पाळता येत नसतील तर मात्र वडीलधाऱ्यांचं ऐकावं आणि घरी जावं.

आधी दुसऱ्या अटीबद्दल, कारण भांडण सगळं तिथे आहे.

आई सांगायची. जत तालुक्यातली एक म्हातारी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली होती. वारकरी, गळ्यात तुळशीची माळ. ऑपरेशनला न्यायच्या आधी अंगावरचं सगळं काढून ठेवायचं, हा थिएटरचा नियम. बांगड्या काढल्या, डोरलं काढून सुनेच्या ओटीत दिलं, माळेला हात लावू देईना. आईने विचारलं, "मावशी, तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" म्हातारी म्हणाली, "कर की बाई. तुझ्या देवाला सांग, माझ्या देवाला मी सांगत्ये. पर माळ न्हाई काढायची." मग आईने ती माळ दुहेरी करून तिच्या मनगटाला गुंडाळली, त्यावरून स्वच्छ गॉज बांधलं, वर चिकटपट्टी लावली आणि ट्रॉली आत ढकलली. सर्जननी मनगटाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि हात धुवायला गेले.

त्या इस्पितळात प्रार्थना व्हायच्या, भिंतीवर वचनं होती, आणि येशूबद्दल सांगायला मिळावं हा मिशनचा हेतू होता. तो कुणी लपवला नाही, मीही लपवत नाही. 'ते काय, नुसती मानवसेवा' असं म्हणून आमचे काही हितचिंतक आम्हाला सोडवायला बघतात. नका सोडवू. वॉनलेस इथे आला तो विश्वासामुळेच आला. तो विश्वास वजा केला तर तो ओंटारिओतच दवाखाना थाटून सुखात राहिला असता. प्रश्न हेतूचा नाही. खाट मिळण्यासाठी काय द्यावं लागत होतं, हा आहे. माळ काढावी लागत होती का? नव्हती. चार-पाच पिढ्या लाखो माणसं त्या दारातून बरी होऊन गेली, आणि २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं होती साधारण १० लाख ८० हजार, शंभरात एकसुद्धा पुरता नाही. याला आमिष म्हणायचं असेल, तर इतका वाईट गळ टाकणारा कोळी मी तरी पाहिलेला नाही.

घटनेचं २५ वं कलम धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क देतं. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या चौकटीत. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. आमच्यातले पुष्कळ जण त्या निकालावर अजून नाराज आहेत. मला त्यातला मुद्दा मान्य आहे. माझा धर्म मी तुम्हाला सांगू शकते. तुमचा बदलणं हे माझं काम नाही, तो तुमचा आणि तुमच्या देवाचा व्यवहार. माझी तक्रार वेगळ्या ठिकाणी आहे. ओडिशाच्या १९६७ च्या कायद्यापासून आजवर जे कायदे झाले त्यांत 'प्रलोभन' हा शब्द इतका सैल ठेवतात की आईने मनगटाला बांधलेलं गॉजही त्यात बसावं. जबरदस्ती, फसवणूक, धमकी यांना शिक्षा हवीच. पण धर्म बदलणाऱ्याने सरकारी अधिकाऱ्याला आधी कळवावं, असं कायदा म्हणू लागला, की 'नको' म्हणण्याच्या मुभेबरोबर 'हो' म्हणण्याची मुभाही कचेरीत जमा होते. मग तिच्यासाठी रांग लावायची, आणि शिपायाला चहा पाजायचा.

आमच्याकडून चुका होत नाहीत असं नाही. 'पाणी प्या, कॅन्सर जातो' असं सांगणारे तंबूवाले मीही पाहिले आहेत. आजाऱ्याच्या घाबरलेपणावर उभी राहिलेली सुवार्ता मला चोरीच्या मालासारखी वाटते. ज्याला 'नको' म्हणायचं बळ उरलेलं नाही, त्याच्याकडून मिळालेला होकार देवाच्या तरी काय कामाचा? दान करताना उजव्या हाताने केलेलं डाव्याला कळू देऊ नये, हे आमच्या प्रभूने डोंगरावर बसून सांगितलं. आम्ही तांदळाच्या पोत्यावर बॅनर धरून फोटो काढतो. पुढाऱ्यांकडून शिकलो असू.

२०२५ च्या जूनमध्ये सांगली भागात एका विवाहितेने आत्महत्या केली. सासरी ख्रिस्ती धर्मावरून छळ झाला, अशी तक्रार होती. त्यावरून निघालेल्या मोर्चात पाद्र्यांना मारहाण करणाऱ्यांना लाखांची बक्षिसं जाहीर झाली, तीही एका निवडून आलेल्या माणसाकडून. आमच्या लोकांनी ठिकठिकाणी निषेध केला, तो करायलाच हवा होता. पण निषेधाची जी भाषणं मी ऐकली, ती सगळी 'आमचा याच्याशी संबंध नाही' इथून सुरू झाली आणि 'आमच्या संस्थांनी देशाला काय दिलं' इथे संपली. मधे त्या मुलीचं नावसुद्धा आलं नाही. छळ सिद्ध झाला तर छळणाऱ्याला तुरुंगात टाका, मग त्याच्या गळ्यात क्रूस असो की आणखी काही, हे वाक्य आमच्या व्यासपीठावरून सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने यायला हवं होतं. कारण 'नको' म्हणता न आलेल्या माणसाची बाजू हीच आमची बाजू असायला हवी, नाहीतर मघाचं सगळं बोलणं फुकट.

'नको' म्हणण्याचा विषय निघाला की मला साताऱ्याची आठवण होते. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो बायकोला न सांगता. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्या वेगळ्या राहिल्या, नंतर परत आल्या तरी स्वतःचं सोवळं सांभाळून राहिल्या, आणि काही वर्षांनी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. टिळकांनी न सांगता केलं ही चूकच. पण मधली ती वर्षं मला मोलाची वाटतात: एका घरात दोन धर्म, आणि कुणी कुणाच्या ताटात हात घातला नाही. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्यात आले आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे एका सतरंजीवर. अभंगाच्या चालीवर गाणारा, तुकारामाचं ऋण मोकळेपणाने मान्य करणारा हा माणूस. दोनच वर्षांनी, १९१९ मध्ये, ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. मिशनच्या चौकटीत तो मावत नव्हता आणि बाहेरच्यांना तो परका वाटला. माझ्या मते आमच्या मराठी ख्रिस्ती इतिहासातली सर्वांत मोठी संधी तिथे, साताऱ्यात, हातची गेली.

त्याच जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण उलट्या दिशेचं. सावित्रीबाई नायगावच्या, फुल्यांचं मूळ गाव कटगुण; दोन्ही सातारा जिल्ह्यात. जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते अहमदनगरला सिंथिया फरार या अमेरिकन मराठी मिशनच्या बाईंकडे. दोघांनी मिशनकडून हवं ते घेतलं, नको ते ठेवलं, आणि ख्रिस्ती न होता आपला रस्ता काढला. १८६८ मध्ये फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आता मला सांगा, फरारबाईंचं श्रम फुकट गेलं का? मंडळीच्या रजिस्टरमध्ये एकही नाव वाढलं नाही, त्या हिशोबाने गेलं. पण मला विचाराल तर या मुलखात मिशनच्या हातून झालेल्या सगळ्यांत मोठ्या कामांत ते एक आहे. मराठीत 'सार्वजनिक' हा शब्द आपण नळाला, गणपतीला आणि बांधकाम खात्याला लावतो. फुल्यांनी तो सत्याला आणि धर्माला लावला. ख्रिस्ती लोकांनी तो शब्द त्यांच्याकडून उसना घ्यायला हरकत नसावी. आधीची थोडी उधारी तिकडे आहेच.

आता पहिली अट. वाटा मागायला येऊ नये.

घटना समितीत ख्रिस्ती प्रतिनिधींनी एक गोष्ट केली, ती आमच्या रविवारच्या शब्बाथशाळेत मुलांना सांगायला हवी. कुणी सांगत नाही. समितीचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती. १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा नकोत, असं ठरलं, आणि त्याला ख्रिस्ती नेत्यांनी आपणहून पाठिंबा दिला. आम्हाला वेगळी खुर्ची नको, सगळ्यांच्या सतरंजीवर बसू, असा त्याचा अर्थ. पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, अनुसूचित जातींचा आदेश निघाला आणि त्यात हिंदूंखेरीज इतर धर्माच्या माणसाला अनुसूचित जातीचं धरायचं नाही, असं ठरलं. शीख १९५६ मध्ये आत आले, बौद्ध १९९० मध्ये. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर. म्हणजे क्रूस घातला की जात जाते, असं सरकार म्हणतं. जात इतकी सोपी असती तर काय हवं होतं! आमच्याच मंडळ्यांत सोयरीक जुळवताना 'मूळचे कुठले' हा प्रश्न हळूच विचारतात. त्याचा अर्थ गाव नसतो.

ही मागणी न्यायाची आहे आणि ती मागत राहायला हवं. मी वाटा म्हणते तो हा नव्हे. माझा आक्षेप आहे तो यावर की जिल्ह्याच्या कचेरीत आमचं निवेदन जातं ते फक्त स्वतःसाठी. दफनभूमीची जागा, दाखले, कुंपण, नाताळला पोलीस बंदोबस्त. चूक यातलं काहीच नाही. पण गेल्या तीस वर्षांत दुसऱ्या कुणाच्या दुःखासाठी माझी मंडळी मिळून कलेक्टरच्या दारात उभी राहिलेली मला आठवत नाही. आटपाडी-खानापूरकडे समान पाणीवाटपासाठी माणसं वर्षानुवर्षं लढली. आम्ही दर उन्हाळ्यात पावसासाठी प्रार्थना केली. पाऊस पाठवणं देवाच्या हाती आहे, पण पडल्यावर तो कुणाच्या उसाला जातो हे माणसांच्या हाती असतं, एवढं कळायला धर्मशास्त्राची पदवी लागत नाही.

म्हैसाळचं तर बोलायलाच नको. मिरजेपासून बसने अर्धा तास. २०१७ च्या मार्चमध्ये तिथे ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. सगळा देश हादरला. हे वैद्यकीय पंढरीच्या वेशीवर घडत होतं, डॉक्टरकीची पाटी लावून. गर्भातल्या जिवाला देव नावाने ओळखतो, असं मानणारे आम्ही; माझ्या माहितीतला प्रत्येक ख्रिस्ती माणूस हे वचन पाठ म्हणेल. त्या रविवारी मी उपासनेला गेले, अगदी मागच्या बाकावर बसले. विनंतीच्या प्रार्थनेत आजारी होते, परीक्षेला बसलेली मुलं होती, प्रवासातले होते, छताच्या दुरुस्तीसाठी देणगी होती. म्हैसाळ नव्हतं. नंतर मी पाळकसाहेबांना विचारलं. ते चांगले गृहस्थ आहेत, खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "बाई, उगाच आपलं नाव कशात यायला नको."

सहा वर्षं आधी साताऱ्यात काय झालं होतं बघा. घरात तिसरी-चौथी मुलगी झाली की तिचं नाव 'नकुशी' ठेवायचं, म्हणजे पुढचा मुलगा होईल. २०११ मध्ये जिल्हा परिषदेने अशा २८५ मुलींची नावं समारंभाने बदलली. मुलींनी स्वतः नवी नावं निवडली. पाणी नाही, तेल नाही, पुरोहित नाही. हातात नव्या नावाचं प्रमाणपत्र. त्याची बातमी वाचली तेव्हा वाटलं, बाप्तिस्मा म्हणतात तो आणखी वेगळा काय असतो! हे काम सरकारी कचेरीला सुचलं. नाव घेऊन हाक मारणाऱ्या देवाची रोज गाणी म्हणणाऱ्या आम्हाला नाही सुचलं.

पुरोगामी मित्रांचा एक प्रश्न इथे येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. ते म्हणतात, तुम्ही पवित्र शास्त्र घेऊन चावडीवर आलात तर उद्या दुसरे आपला ग्रंथ घेऊन येतील, मग? येऊ देत की. तसेही आलेलेच आहेत. ग्रंथ घरी ठेवा म्हटल्याने तो घरी राहत नाही, तो सोंग बदलून येतो, हे आपण सगळे बघतो आहोत. फरक करायचा असेल तर तो दुसरीकडे करावा. मी माझ्या ग्रंथातून उठून आले तरी बोलायचं ते असं, की ज्याला माझा ग्रंथ मान्य नाही त्यालाही ते पारखता यावं, पटलं नाही तर फेटाळता यावं, आणि फेटाळल्याबद्दल त्याचं काही बिघडू नये. 'देव म्हणतो' एवढ्यावर मी तुमच्याकडून काही मागू शकत नाही. 'देव म्हणतो, म्हणून मी हे करते; तुम्ही बघा' एवढंच म्हणू शकते. यात माझा विश्वास पातळ होतो असं मला वाटत नाही. आमच्याच शास्त्रात यिर्मया संदेष्टा बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना पत्र लिहितो: घरं बांधा, बागा लावा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. ते नगर त्यांच्या धर्माचं नव्हतं. त्यांना पकडणाऱ्यांचं होतं.

आता डिसेंबरातली एक रात्र सांगते, कारण हा लेख मनात सुरू झाला तो तिथे.

नाताळच्या आदल्या रात्रीची उपासना संपवून आम्ही आष्ट्याच्या बाजूने परत येत होतो. आमच्या देवळात यंदा येशूच्या जन्माची गव्हाणी सुरेख केली होती. खरं गवत, मातीची गुरं, निळा दिवा. 'उतारशाळेत त्यांना जागा नव्हती' हे वचन थर्माकोलच्या अक्षरांत. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर चालले होते, एकाला दोन-दोन ट्रॉल्या, मागे लाल दिवा नाही. एका ट्रॉलीवर, मोळ्यांच्या वर, एक बाई बाळाला पदरात गुंडाळून बसली होती. थंडी चांगली होती. पुढे फडाच्या कडेला त्यांच्या कोप्या दिसल्या. पाचटाच्या, माणूस वाकून आत जाईल एवढ्या. चूल पेटलेली, बैल बांधलेले, दोन पोरं उसाच्या वाढ्यांवर झोपलेली. गाडीत कुणीतरी म्हणालं, "अगदी गव्हाणीसारखं दिसतंय, नाही?" आणि मोबाइल काढला.

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. एक कोयता म्हणजे दोन माणसं. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते, ती तोडीतून फेडायची. एक दिवस अंगावर काढला नाही तर खाडा, खाड्याचा दंड. बीडकडच्या तोडकरी बायकांनी खाडा पडू नये म्हणून गर्भपिशव्या काढून घेतल्याचं प्रकरण गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली. म्हणजे 'नको' म्हणायची मुभा नसलेला माणूस शोधायला मला लांब जायला नको. नोव्हेंबर ते मार्च तो आमच्या देवळामागच्या फडात असतो. उचल घेतलेल्या बाईला मुकादमाला नको म्हणता येत नाही, डॉक्टरला नको म्हणता येत नाही. तिची पोरं शाळेच्या पटावर गावाकडे असतात आणि प्रत्यक्षात वाढ्यांवर झोपलेली असतात.

'माझा शेजारी कोण?' असं एका शास्त्र्याने येशूला विचारलं तेव्हा त्याने वाटेत लुटल्या गेलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली. आमच्या मंडळीत वर्षातून दोनदा तरी तिच्यावर प्रवचन होतं आणि दर वेळी आपण शोमरोन्यासारखं व्हावं असं सांगतात. गोष्टीतला शोमरोनी परधर्मी आहे, ऐकणाऱ्यांच्या नाकाला न चालणारा. याजक आणि लेवी, म्हणजे आपलेच, बाजूने निघून गेले. हे तेवढं पटकन उरकतात. आणि सरायवाल्याचा तर कुणी उल्लेखही करत नाही. शोमरोन्याने जखमा बांधल्या, पण तो तिथे राहिला नाही. त्याने जखमीला सरायीत नेलं, दोन दिनार दिले, आणि जास्त लागले तर परत येताना देईन म्हणाला. पुढचं सगळं सरायीने केलं. दया एका माणसाची असते, सराय सगळ्यांची लागते. मिरजेत हे घडलेलं आहे: १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालं तेव्हा त्याचे विद्यार्थी सुरुवातीला मिशनच्याच वॉर्डांत शिकले. मिशनने आपल्या खाटा सरायीला दिल्या. म्हणून सेवा एवढी करून गप्प बसा, हा सल्ला मला पटत नाही. जखमा बांधणाऱ्याने सराय कुठे आहे, ती उघडी का नाही, तिचा पैसा कुठे गेला, हेही विचारायचं असतं. तोडकऱ्यांच्या मुलांसाठीच्या साखरशाळा कागदावर आहेत की फडावर, हे विचारणं माझ्या लेखी नाताळच्या उपासनेचाच भाग आहे.

"तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा," असं आम्हाला सांगितलं आहे. स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा, आमटीत मीठ दिसत नाही, दिसलं तर आमटी फेकावी लागते. आणि बरणीत भरून नुसतं ठेवून दिलेलं मीठ पावसाळ्यात ओलं होऊन दगड होतं. आमच्या संस्थांच्या जमिनी, त्यांवरचे दावे, पंचांच्या निवडणुका, कुणाचा शिक्का खरा आणि कुणाचा खोटा. ऐकून ऐकून मला त्या बरणीची आठवण येते.

मी जानेवारीत आमच्या मंडळीच्या पंचांकडे लेखी अर्ज दिला. देवळाला लागून शब्बाथशाळेच्या तीन खोल्या आहेत, पंखे आहेत, फळे आहेत, बालवाडीची बुटकी बाकं आहेत. आठवड्यातले सहा दिवस कुलूप असतं. हंगामापुरत्या त्या खोल्या फडावरच्या मुलांना द्याव्यात. शिकवायला आम्ही चार निवृत्त शिक्षिका तयार आहोत, त्यांतल्या दोघी ख्रिस्ती नाहीत. दुपारचं जेवण जवळच्या जिल्हा परिषद शाळेतून मिळेल का, हे मी हेडमास्तरांना विचारून ठेवलं आहे. पत्र आणा, बघू, म्हणाले. अर्जात मी एक ओळ मुद्दाम घातली: या खोल्यांत हंगामाच्या काळात धर्मशिक्षण होणार नाही.

बैठकीत सगळी चर्चा त्या एका ओळीवर झाली. एक पंच म्हणाले, मग साक्ष कुठे राहिली? दुसरे म्हणाले, ओळ ठेवली तरी लोक म्हणायचं ते म्हणणारच, पोरांना बाटवायला बोलावलं. उगाच विस्तवाशी खेळ. दोघांच्या भीतीत खोटं काही नव्हतं. बाईंना किल्ली दिली तर लाइटबिल कोण भरणार, हा तिसरा मुद्दा निघाला आणि त्यावर अर्धा तास गेला. शेवटी, विषय महत्त्वाचा असल्यामुळे तो सविस्तर चर्चेसाठी ईस्टरनंतरच्या बैठकीत घ्यावा, असा ठराव झाला. त्यावर मीही सही केली. ईस्टरपर्यंत कारखान्यांचे पट्टे पडलेले असतात आणि कोप्या मोडून माणसं गावाकडे गेलेली असतात, हे त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. बहुतेकांचा स्वतःचा ऊस आहे.